राजपुत्राने पोळलेली टाकी

मिरवणुकीच्या दिवशी गाडी कुठे लावू नये, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. फटाक्यांच्या माळा कुठे टांगल्यात ते आधी बघायचं आणि गाडी तिथून लांब, गल्लीच्या पार आत नेऊन उभी करायची. थिअनलायला हे काय ठाऊक नव्हतं? बदकं पाळण्यात आणि त्यांची अंडी मोटरसायकलवरून घरोघर पोचवण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं, आणि तेवढ्या काळात त्या तांबड्या गाडीवर साधा ओरखडा उठला नव्हता. पण त्या दिवशी त्याने गाडी लावली ती बरोबर ग्योकलानच्या दुकानासमोर, या खांबापासून त्या खांबापर्यंत लोंबणाऱ्या माळेच्या खाली. कारण ग्योकलान दारात उभी होती, आणि अशा वेळी त्याला वर बघायचं सुचत नसे.

ग्योकलान देवळासमोर सकाळी माशाची पेज विकायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी नदीपलीकडे दिलेली. थिअनलायचीही बायको गेलेली. तो तिला रोज अंडी द्यायचा, पण सगळी एकदम नाही. थोडी सकाळी, थोडी दुपारी, आणि दोन विसरलोच होतो म्हणून संध्याकाळी परत. ती काही बोलायची नाही, पण त्याची पेज मात्र पातेलं तळापासून ढवळून वाढायची, म्हणजे माशाचे तुकडे वर यावेत. एवढ्यावरून गावाने काढायचा तो अर्थ काढला होता. थिअनलायला कुणी विचारलं, तर तो बदकांच्या खाद्याचा विषय काढायचा.

तर मिरवणूक आली. गावाचा देव म्हणजे तिसरा राजपुत्र, अगदी लहान पोर. त्याच्यापुढे लोक गोळ्या, चॉकलेटं, दुधाची बाटली ठेवतात, आणि मूल ते मूल, त्याला आवाज फार आवडतो. त्याची पालखी ग्योकलानच्या दारापुढे आली आणि नाचायला लागली. माळ पेटवली. ती मध्येच तुटली आणि सगळीच्या सगळी मोटरसायकलच्या टाकीवर पडून तडतडली. थिअनलाय धावला, पण देवाच्या पालखीला ढकलून पुढे कसं जाणार? तो हात जोडून उभा राहिला आणि आपल्या गाडीची होळी बघत बसला.

धूर निवळला तेव्हा टाकीवर फोड आले होते. कुठे पापुद्रा सुटलेला, कुठे रंग करपून काळा, कुठे खालचा पत्रा डोकावत होता. ग्योकलान ओलं फडकं घेऊन बाहेर आली, तिने टाकी पुसली, आणि पुसता पुसता आणखी एक पोपडा तिच्या हातात आला.

"अगंबाई," ती म्हणाली, "आणि मी म्हणत होते तुम्हाला एक विचारावं."

"विचारा की."

"पौर्णिमेला लेकीकडे जेवण आहे. नातवाचा महिना भरतोय. बस दोनदा बदलावी लागते, त्यात हातात कपडे, टोपडं, काय काय. म्हटलं, तुमच्या मागे बसून जावं." तिने टाकीकडे पाहिलं. "पण या गाडीवरून? आमच्या विहीणबाई आधी गाडीचा रंग बघतात, मग माणसाचा. म्हणतील, पेजवाली भंगारवाल्याबरोबर आली."

थिअनलायच्या छातीत जे झालं ते फटाक्यांच्या माळेलाही जमलं नसतं. नातवाच्या जेवणाला विधवा बाई एखाद्याच्या मागे बसून गेली, की त्या भागात मग मध्यस्थ लागत नाही, पत्रिका लागत नाही, कुणी कुणाला काही विचारतही नाही. सगळं सांगून झालेलं असतं. आणि हे तिने आपणहून काढलं होतं.

"रंगवून आणतो," तो म्हणाला.

"पौर्णिमेच्या आत?"

"आत."

"मग बघू. नाहीतर बस आहेच," म्हणून ती पेज ढवळायला आत गेली.

च्वान मिस्त्रीचं रंगाचं दुकान गल्लीच्या टोकाला होतं. मिस्त्रीचा हात देवाने दिलेला आणि जीभ सैतानाने. घाई करणारं गिऱ्हाईक त्याला खपत नसे. "रंग जावयासारखा असतो," तो म्हणायचा, "घाई केली की फुगतो." पण थिअनलायने पौर्णिमा म्हटल्याबरोबर त्याने कान टवकारले. गाव लहान, बातमी मोठी.

"मागे कोण बसणार आहे?" त्याने विचारलं.

"अंड्यांची टोपली."

"टोपलीसाठी एवढी घाई कुणी करत नाही," मिस्त्री म्हणाला. "आण इकडे. आधी फोड घासून काढायचे, मग लांबी भरून खाचा बुजवायच्या, मग प्रायमर, मग रंग, मग वरून चकाकी. हवा कोरडी राहिली तर होईल पौर्णिमेपर्यंत. पण रोज येऊन डोक्यावर बसायचं नाही."

आणि तो खरंच कामाला लागला असता. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून त्याने हातात घेतलासुद्धा होता. पण शेजारच्या दुकानातून बेंग न्हावी आला. त्या वर्षी सगळ्या मुलखाला आकड्यांचं वेड लागलं होतं. सरकारी सोडतीवर लोक आपसात आकडा लावायचे आणि तो आकडा कुठेही शोधायचे, उदबत्तीच्या राखेत, बाळाच्या लंगोटात, झाडाच्या ढोलीत. गावातला एक वेडा पूर्वी दगड खायचा. आता त्याच्या तोंडून एखादा आकडा निघेल या आशेने लोक त्याला कोंबडी खाऊ घालत होते. बेंग या सगळ्यात सर्वांच्या पुढे. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीत सोडून तो टाकीसमोर उकिडवा बसला.

"थांब, मिस्त्री. हात लावू नकोस. हा तीन आहे."

"तो फोड आहे."

"तीनासारखा फोड आहे. आणि हा बघ, सात. देवाने स्वतः पालखी नाचवून काढलाय. तुझ्या डोळ्यांना पत्रा दिसतो, त्याला मी काय करू?"

मिस्त्री हसला, पण गंमत म्हणून त्यानेही सदतीस लावला. दुसऱ्या दिवशी सदतीस लागला.

थिअनलाय दुपारी दुकानावर आला तर गाडीपर्यंत पोचायला जागा नव्हती. हँडलला तांबडं फडकं बांधलं होतं, सीटवर संत्री रचली होती, आणि आरशाच्या दांडीला उदबत्त्यांचा जुडगा खोचला होता. च्वान मिस्त्री धुतलेला सदरा घालून, पॉलिश पेपर नव्हे तर पंखा हातात घेऊन, टाकीला वारा घालत बसला होता.

"मिस्त्री, घासलं का?"

"घासू?" मिस्त्रीने असं पाहिलं की जणू थिअनलायने त्याला देवाची मूर्ती किसून दे म्हटलं होतं. "माझ्या आजीने मरताना सांगितलं होतं, देवाच्या कामात हात घालू नकोस."

"तुझी आजी मला चांगली माहीत होती. ती देवळातली संत्री उचलून आणायची."

"म्हणूनच सांगितलं. अनुभवाने."

"अरे, पण पौर्णिमा."

"पौर्णिमा दर महिन्याला येते, दादा. पुढची मोठी सोडत झाली की बघू."

छोट्या सोडती रोजच्या, पण मोठी सोडत पौर्णिमेनंतर होती. थिअनलायने गाडी परत न्यायची म्हणून हँडलला हात घातला तर लोकांनी तोच हात धरला. मालक असलास म्हणून काय झालं, असं बेंग म्हणाला. डोंगर सरकारचा असतो, पण झरा सगळ्यांचा. हे त्याला कुठून सुचलं कोण जाणे, पण लोकांनी माना डोलावल्या. मग गाडी एवढ्याशा दुकानात मावेना म्हणून ती ढकलत देवळाच्या अंगणात नेली. थिअनलायला मागून ढकलायला लावलं.

मग सुरू झाला तो तमाशा. उदबत्त्यांची जळती राख टाकीवर पडायची, रंग आणखी फुगायचा, आणि लोक म्हणायचे, देवाने नवा आकडा दिला. एकाने नैवेद्य म्हणून तांदळाची दारू टाकीवर ओतली. एक अख्खा पापुद्रा गळून पडला आणि त्याच्यासाठी दोघांत मारामारी झाली. ज्याचा आकडा चुकायचा तो म्हणायचा, आकडा बरोबर होता, मीच उलट्या बाजूने वाचला. थिअनलाय रोज येऊन बघायचा. रोज गाडी थोडी कमी तांबडी असायची. बिचाऱ्याला अंडी आता सायकलवरून पोचवावी लागत होती, आणि सायकलवर अंडी फार फुटतात.

त्याला खरा घोर वेगळाच होता. देवळाच्या अंगणात गर्दी झाली म्हणजे देवळासमोरच्या पेजेला गर्दी झाली. ग्योकलानचं पातेलं आता सकाळीच रिकामं होत होतं, बाक कमी पडत होते. तिला त्याच्याशी बोलायलाही सवड नव्हती. 'अंडी ठेवा तिकडे' एवढंच. तो अंडी ठेवायचा आणि विचार करत परत जायचा. गाडी रंगली की गर्दी जाणार, गर्दी गेली की धंदा बसणार. मग ती कशाला म्हणेल रंगवा म्हणून? बस आहेच. हा 'बस आहेच' त्याच्या कानात दिवसभर वाजत राहिला. त्याला तिचा राग येत नव्हता, पण फार वाईट वाटत होतं, आणि बदकांशिवाय ते सांगायला कुणी नव्हतं.

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी त्याने मनाचा हिय्या केला आणि देवळात जाऊन होक आजोबांना गाठलं. होक आजोबा देवळाचे पुजारी, झाडणारे आणि चहा करणारे, सगळं एकच.

"आजोबा, मला कौल लावायचाय. गाडी माझी, पोळली देवाने. रंगवू की नको हे देवालाच विचारतो. तो हो म्हणाला तर कुणाची हरकत?"

बेंगसुद्धा तयार झाला, कारण देव आपल्या बाजूचा आहे याची त्याला खात्री होती. लाकडाच्या दोन चंद्रकोरी आणल्या, एक बाजू सपाट, एक फुगीर. टाकल्यावर एक सपाट आणि एक फुगीर वर आली तर देव हो म्हणाला. दोन्ही फुगीर वर तर नाही म्हणाला. आणि दोन्ही सपाट वर आल्या तर देव हसला, म्हणजे प्रश्नच धड नाही. आणि एवढ्या मोठ्या गोष्टीला एका होकाराने भागत नाही, लागोपाठ तीन लागतात.

थिअनलाय गुडघ्यावर बसला. रीतीप्रमाणे नाव सांगितलं, गल्ली सांगितली, जन्मदिवस सांगितला. मग पुटपुटला, "टाकीला गंज चढेल, म्हणून रंगवावी म्हणतो."

चंद्रकोरी पडल्या. दोन्ही सपाट वर.

"हसला," होक आजोबा म्हणाले.

"पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून."

देव पुन्हा हसला.

"देवळाच्या अंगणात असली गाडी बरी दिसत नाही. गावाची शोभा जाते."

देव तर हसलाच, पण आता लोकही हसायला लागले. ग्योकलान पेजेचं पातेलं रिकामं करून, हातात पळी तशीच घेऊन, पायरीपाशी येऊन उभी राहिली होती. थिअनलायने तिला पाहिलं आणि त्याच्या हातातल्या चंद्रकोरी घामाने निसटायला लागल्या.

"असा कौल लागत नाही, बाबा," होक आजोबा त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, पण आजोबांना कमी ऐकू येत असल्याने ते सगळ्या अंगणाला ऐकू गेलं. "मोठ्या देवांपुढे एखादी थाप चालून जाते. त्यांना कामं असतात. हा लहान आहे, आणि लहान पोरापुढे थाप टिकत नाही. काय आहे ते स्पष्ट सांग. मोठ्याने सांग."

थिअनलायने एकदा दाराकडे पाहिलं. पळून जाणं शक्य होतं. बदकं वाट बघत असतीलच. पण उद्या पौर्णिमा होती आणि परवा बस येऊन गेलेली असणार होती.

"मी थिअनलाय," तो म्हणाला. "उद्या ग्योकलानबाईंना लेकीकडे न्यायचंय. माझ्या मागे बसवून. अशा गाडीवर त्या बसणार नाहीत. त्या बसाव्यात असं मला फार वाटतं. आजचं नाही, फार दिवसांचं वाटतंय. गंजाचं काही नाही, गंज मी घासून काढला असता."

चंद्रकोरी पडल्या. एक सपाट, एक फुगीर.

कुणी हसलं नाही. त्याने पुन्हा उचलल्या, पुन्हा टाकल्या. हो. बेंगने घसा खाकरला आणि त्याला कुणीतरी कोपर मारलं.

तिसऱ्यांदा चंद्रकोरी जरा जोरात पडल्या. एक तिथेच सपाट बाजू वर करून बसली. दुसरी मात्र उसळली, लोकांच्या पायांतून घरंगळत गेली, आणि पायरीपाशी ग्योकलानच्या चपलेला टेकून कडेवर उभी राहिली. ना सपाट, ना फुगीर.

एकच गलका उठला. बेंग म्हणाला, हसला, कारण सपाट बाजू वर येईल अशी ती झुकलीय. दुसरा म्हणाला, परत टाका. तिसरा म्हणाला, परत नाही, पहिल्यापासून टाका. च्वान मिस्त्री रंगाऱ्याचा एक डोळा मिटून चंद्रकोर कुठे कललीय ते मापायला लागला. थिअनलाय गुडघ्यावरून उठलाच नाही.

ग्योकलानने पळी बगलेत धरली, खाली वाकली, आणि दोन बोटांनी ती चंद्रकोर फुगीर बाजू वर करून ठेवून दिली. पातेल्यावर झाकण ठेवावं तशी.

"अगं बाई," होक आजोबा हादरून म्हणाले, "देवाचा कौल कुणी हाताने फिरवतं?"

"आजोबा, तो माझ्या पायाशी येऊन थांबला. देवाला स्वतःच ठरवायचं असतं तर तुमच्या पायाशी थांबला असता."

होक आजोबांनी देवाकडे पाहिलं. देव नेहमीसारखा गुलाबी गालांचा, समोर चॉकलेटांचा ढीग. आजोबांचं सारं आयुष्य त्याची मर्जी सांभाळण्यात गेलं होतं, पण पेज ते रोज ग्योकलानकडे प्यायचे.

"कौल मिळाला," ते म्हणाले. "रंगवा."

"पण वहिनी," बेंग कळवळून म्हणाला, "तुमचाच धंदा बसेल की."

"पेजेला आकडा लागत नाही, भूक लागते," ग्योकलान म्हणाली. "आणि तुमचं गिऱ्हाईक त्या दिवसापासून अर्ध्या दाढीने फिरतंय, त्याचं बघा."

बेंगने शेवटचं एकदा टाकी डोळे भरून बघून घेतली. च्वान मिस्त्रीने तांबडं फडकं सोडलं, संत्री होक आजोबांच्या स्वाधीन केली, आणि तिथे अंगणातच बादलीभर पाणी मागवून घासायला बसला. सगळे आकडे तांबड्या पाण्याबरोबर गटारात गेले. गुळगुळीत पत्र्यावरून अंगठा फिरवून तो थिअनलायला म्हणाला, "दादा, खोटं बोलत नाही. आज लांबी भरतो, प्रायमर मारतो. रंग उद्यापर्यंत होत नाही. ओल्या हवेत मारला तर पुन्हा फोड येतील आणि हा बेंग पुन्हा येईल. उद्या गाडी राखाडी असेल."

थिअनलायने भीत भीत ग्योकलानकडे पाहिलं.

"राखाडी तर राखाडी," ती म्हणाली. "विहीणबाईंना सांगेन, गाडी अजून कच्ची आहे, माणूस पिकलेला आहे."

पौर्णिमेच्या सकाळी थिअनलाय आला तेव्हा गाडी मिस्त्रीच्या दारात उभी होती. चाकं, साखळी, आरसे, सगळं लखलखीत, आणि टाकी मात्र म्हशीच्या कातडीच्या रंगाची. मिस्त्री दिसला नाही. आतून 'घेऊन जा, मला काम आहे' एवढंच ऐकू आलं. थिअनलायने तेल लावून केस बसवले होते आणि लग्नानंतर न घातलेला सदरा घातला होता. तो पोटावर जरा ओढत होता.

ग्योकलान नवा झगा घालून, नातवाचं टोपडं आणि कपडे फडक्यात बांधून दुकानाबाहेर आली. समोर देवळाच्या पायरीवर अर्धं गाव योगायोगाने चहा पीत बसलं होतं. ती मागे बसली, गाठोडं मांडीवर घेतलं.

"धरू कशाला?" तिने विचारलं.

आता इथे दुसऱ्या कुणी काहीही सांगितलं असतं. पण थिअनलाय जन्माचा लाजरा, त्यात अर्धं गाव समोर. तो पुढेच बघत म्हणाला, "सीटच्या मागे दांडी आहे. मजबूत आहे. अंड्यांचे क्रेट बांधतो मी तिला."

ग्योकलानने मागे हात नेऊन चाचपून पाहिलं.

"दांडी नाहीये."

"नाही कशी?"

"नुसती भोकं आहेत. मिस्त्रीने काढून ठेवलेली दिसते. रंगायला."

"बरं," थिअनलाय म्हणाला, आणि मग त्याच्या पोटावरच्या ताणलेल्या सदऱ्यावर दोन हात येऊन बसले, पेजेच्या वाफेने मऊ झालेले. गाडी तीनदा बंद पडली. चौथ्या वेळी सुरू झाली आणि गल्लीतून बाहेर पडली. पायरीवरच्या लोकांनी चहाचे पेले उंचावले, पण ते त्याला दिसले नाहीत.

त्याला काहीच दिसत नव्हतं. ती दांडी चकचकीत स्टीलची होती, तिला कधी रंग नव्हता आणि पुढेही लागणार नव्हता, हे त्याच्या ध्यानात आलं ते थेट नदीवरच्या पुलावर. तिथे त्याने गाडीचा वेग आणखी कमी केला.